गगनबावडा, फलाट क्रमांक दोन

शेणखताच्या खड्ड्याच्या कठड्यावर उजव्या पायावर उभं राहून मोबाईल डोक्याच्या वर धरला, की दोन कांड्या रेंज यायची. डावा पाय टेकला की त्यातली एक जायची. त्या वसुबारसेच्या दुपारी एक वाजता मी स्पीकर चालू करून असा उभा होतो आणि माझं भविष्य डोक्यावरून बोलत होतं.

"हृषी, जागा आहे," सुमेध पुण्याहून सांगत होता. "मॅडमना तुझं नाव दिलंय. पण संध्याकाळी सहापर्यंत हो का नाही ते सांग. उद्यापासून ऑफिसला सुट्टी लागते."

"काम काय आहे?"

"लोक फोन करून तक्रार करतात. आपण ऐकून घ्यायचं."

"मग त्याचं करायचं काय?"

"काहीच नाही. म्हणून तर जागा चांगली आहे. मागे कोण ओरडतंय रे?"

"मलकापूर."

"काय?"

"शेळी आहे."

"तू लवकर निघ तिथून," सुमेध म्हणाला.

बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे कोल्हापूरच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या सांगणारा जो आवाज असतो, तो बरीच वर्षं माझ्या बाबांचा होता. बाकी आयुष्यभर त्यांना फक्त जनावरं आवडली. ड्यूटी बदलायच्या वेळी स्टँडवरची सगळी कुत्री खोलीबाहेर रांग लावायची आणि माणसांपेक्षा नीट लावायची. त्यांच्या खणात दोन वर्षं एक कासव राहत होतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरात त्यांनी एक करडू अकरा दिवस ठेवलं होतं. बाराव्या दिवशी सोसायटीची खास सभा झाली. सोसायटीच्या इतिहासात गणपूर्ती झालेली ती पहिली सभा.

निवृत्त झाल्यावर बाबा काही महिने गॅलरीत बसून राहिले. मग एक दिवस उठले आणि गारगोटीच्या अलीकडे आंबेटाक नावाच्या वस्तीवर सव्वा एकर जागा घेऊन आले. फ्लॅट भाड्यानं दिला. मी तेव्हा बावीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला आणि तात्पुरता होतो. बाबांचा गुडघा धरलेला, आईला धारा काढता येत नव्हत्या, त्यामुळे 'तात्पुरता' म्हणजे पहाटे पाचला गाईखाली बसणारा.

जनावरांची नावं बाबांनी गाड्यांच्या पाट्यांवरून ठेवली होती. गाय राधानगरी. तिचं अठरा दिवसांचं वासरू फोंडा, कारण राधानगरीनंतर फोंडाच येतो. दोन शेळ्या, मलकापूर आणि गगनबावडा. सात कोंबड्यांना मिळून एकच नाव, विनाथांबा. एक बोका होता, तो आमच्याकडेही जेवायचा आणि शेजारच्या तातोबांकडेही. तो नक्की कोणाचा यावर दोन घरांत वाद होता, म्हणून त्याचं नाव बेळगाव.

गोठ्याच्या खांबांवर बाबांनी चुन्यानं आकडे काढले होते. संध्याकाळी सहाला ते पालथ्या बादलीवर बसायचे, घसा साफ करायचे आणि त्याच जुन्या आवाजात सुरू करायचे, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. राधानगरी, राधानगरी, फलाट क्रमांक एक." गाय येऊन एक नंबरच्या खांबापाशी उभी राहायची. "मलकापूर, फलाट क्रमांक तीन." मलकापूर तीनला. गगनबावडा मात्र मनाला येईल तेव्हा यायची. बाबा म्हणायचे, घाटाची गाडी आहे, उशीर होणारच.

हे सगळं त्या दिवाळीपर्यंतच होतं. गुढीपाडव्याला आम्ही राहायला आलो त्या दिवशी आईनं मुदत घातली होती. "वसुबारसेपर्यंत बघीन. त्या दिवशी पूजा झाली की सांगीन, राहायचं का परत जायचं. मग त्यावर चर्चा नाही." भाडेकरूंनाही तिनं दिवाळीपर्यंतचंच सांगून ठेवलं होतं. फ्लॅटची किल्ली ती कमरेला लावून फिरायची. गोठ्यात येताना नाकाला पदर लावायची. तिचा निर्णय काय होणार याबद्दल मला शंका नव्हती, पण शंका नसणं आणि खात्री असणं यात थोडी जागा उरते. त्या जागेत मी सहा महिने अस्वस्थ होतो.

कारण मी नोकरीला हो म्हटलं तर गोठा बंद. मग आयुष्यभर जेवताना बाबा माझ्याकडे बघणार. आईनं 'परत' म्हटलं तरीही गोठा बंदच, पण मग बाबा आईकडे बघणार. मला दुसरा प्रकार पसंत होता. फक्त आईचा शब्द सहाच्या आत पडायला हवा होता, आणि पूजा दिवेलागणीला.

दोन वाजता बाबा आडवे झाले. आई म्हणाली, "हृषी, गावातनं गवार घेऊन ये आणि झेंडूची माळ. गाईसाठी मोठी बघ, मागच्या पोळ्यासारखी रिबीन आणू नकोस."

मी पिशवी घेतली आणि गोठ्यावरून निघालो. गोठ्याभोवती कुंपण होतं आणि कुंपणाला पत्र्याचं फाटक. त्याला कडी आणि कडीवर तारेचे तीन वेढे. वेढे गगनबावडामुळे. साधी कडी ती जिभेनं उघडायची. एकदा बाबा अंघोळ करत असताना तिनं न्हाणीघराची कडी काढली, आत आली, साबण खाल्ला आणि गेली. तेव्हापासून तार.

मी इकडे तिकडे बघितलं. तारेचे तीनही वेढे सोडले, कडी मागे ओढली, फाटक लोटून ठेवलं आणि गवार आणायला गेलो.

माझं म्हणणं साधं होतं. जनावरं बाहेर पडतील, तातोबांच्या कोबीत जातील, थोडा आरडाओरडा होईल. पूजेच्या दिवशीच हा प्रकार झाल्यावर आई वैतागेल, पूजेची वाट न बघता म्हणेल, पुरे झालं. कोणी कोणाकडे बघायला नको. गगनबावडाकडे बघतील, तिला सवय होती.

मी सव्वातीनला आलो तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि गोठ्यात बेळगाव एकटा बसला होता.

बाबा फाटकापाशी उभे होते. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली.

"सगळी गेली," ते म्हणाले. "फोंडासुद्धा."

"गगनबावडानं उघडलं असणार," मी म्हणालो. एवढं वाक्य मी वाटेत दोनदा म्हणून बघितलं होतं.

"छे. तार असली की तिचं काही चालत नाही." त्यांनी मोकळी कडी हातात धरली. "मीच सकाळी तार गुंडाळली नसणार. एकतीस वर्षांत एक गाडी चुकीच्या फलाटावर लागू दिली नाही मी. आणि आज वसुबारसेला..."

आई मागच्या दारातून आली. फाटकाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग परत फाटकाकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

"गवार कोवळी आहे का?" तिनं विचारलं.

तेवढ्यात बांधावरून तातोबा आले. काखेत आमच्या दोन कोंबड्या.

"काय ओ कंट्रोलर, समदा डेपो सुटलाय न्हवं."

"कुठे दिसली का?"

"शेरडं माझ्या कोबीत हुती. हाकलली तर एक बांधाच्या त्या अंगाला पळाली, एक खाली वड्याकडं. गाय आन वासरू मी बघितलं न्हाई. पर उसाकडं माग हाय खुरांचा." त्यांनी कोंबड्या माझ्या हातात दिल्या. "उसातनं पलीकडं गेली म्हंजे सर्जेरावाच्या हिरीकडंच निघत्याल."

"मग?"

"मग काय. त्या हिरीला कठडा न्हाई की."

बाबा चालायला लागले. दुखरा गुडघा, उतरती पायवाट. पहिल्याच उतारावर चपलेचा अंगठा तुटला, तर ती चप्पल तिथेच सोडून एका चपलेवर पुढे गेले. मी हाक मारली तर वळून म्हणाले, "तू वरच्या अंगानं जा. हळू हाक मार, घाबरवू नकोस. फोंडा अजून रस्त्याला सरावलेला नाही."

मी वरच्या अंगानं गेलो. ऊस पुरुषभर उंच. हाक मारायची तर कशी मारायची तेच मला माहीत नव्हतं, सहा महिने हाका बाबाच मारत होते. मी नुसतं "राधानगरी" म्हणून ओरडलो. उसातून काही आलं नाही. पुन्हा ओरडलो. रस्त्यानं जाणारा एक दुधवाला थांबला आणि म्हणाला, "राधानगरीला जायचं तर उलट्या अंगाला, दादा."

पाऊण तास फिरलो. एक कोंबडी सापडली, ती आमची नव्हती. ओढ्यावर मलकापूर उभी होती, पण मला बघून पलीकडे गेली. माझ्या डोक्यात विहीर सोडून काही राहिलं नव्हतं, आणि जायचं मात्र तिथेच टाळत होतो. रोज पहाटे धार काढताना फोंडा माझा कान चाटायचा. मला त्याचा राग यायचा. आता तो चाटलेला कान वेगळा जाणवायला लागला होता.

पाचच्या सुमाराला आम्ही सगळे परत रस्त्यावर भेटलो. बाबांचा पाय काट्यानं रक्ताळलेला. आई पूजेचं ताट तसंच टाकून आली होती, हाताला हळद.

"आसं न्हाई गावायची," तातोबा म्हणाले. "भैरोबाच्या देवळात माईक हाय. कंट्रोलर, तुमी रोज सांजच्याला बोलता तसं बोला की. माझ्या परड्यातबी ऐकाय येतंय तुमचं. माझी म्हस फलाट क्रमांक एक म्हटलं की कान टवकारती."

बाबा मान हलवत म्हणाले, "नाही. निवृत्त माणसानं माईकवर घोषणा करायची नसते."

"कुटं लिवलंय?"

"लिहिलेलं नाही. पण नसते."

मग आई पुढे आली आणि त्यांच्या शर्टाची चुकलेली बटणं काढून परत नीट लावायला लागली. रस्त्यावर, तातोबांसमोर. असं तिनं कधी केलेलं मी बघितलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही बोला. तुम्ही बोललात की येतात ती."

बाबा तातोबांबरोबर देवळाकडे गेले. आई रस्त्यावर थांबली. विहीर माझ्याकडे राहिली.

ऊस संपतो तिथे सर्जेरावांची विहीर होती. गवतात एकदम खड्डा, बस. मी दहा पावलांवर थांबलो. मग पाच. मग पालथा पडून सरकत काठाशी गेलो आणि आत बघितलं. हिरवं पाणी होतं, एक प्लॅस्टिकची बाटली होती आणि मी होतो. अजून काही नव्हतं. मी पुन्हा बघितलं. मोजून तीन वेळा बघितलं.

उठून बसलो तर खिशातला मोबाईल वाजला. मी नुसता बसलेलो, दोन्ही पाय टेकलेले, आणि पाच कांड्या रेंज. सहा महिने मी खताच्या खड्ड्यावर एका पायावर उभा होतो.

"सहाला पाच कमी," सुमेध म्हणाला. "मॅडम समोर बसल्यात. काय सांगू?"

तेवढ्यात भोंगा खरखरला. देवळाच्या कर्ण्यातून कोणीतरी घसा साफ केला. मग सबंध शिवारावर तो आवाज आला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे."

मी लहानपणी स्टँडवर हा आवाज ऐकायचो तेव्हा मला वाटायचं, हा माणूस इथल्या सगळ्या गाड्यांचा मालक आहे. बादलीवर बसून ते बोलायचे तो आवाज वेगळा होता. हा जुना होता. फक्त मधेच थोडा हलत होता.

"राधानगरी. राधानगरी. फलाट क्रमांक एकवर यावे. राधानगरीबरोबर फोंडा. फोंडा लहान आहे, कृपया सांभाळून आणावे."

"हृषी, कोण बोलतंय तिकडे?"

"बाबा."

"गाव गोळा केलंय का काय? हो म्हणू ना?"

"मलकापूर, फलाट क्रमांक तीन. विनाथांबा, विनाथांबा, सर्व सातही, कुठे असाल तिथून निघावे. गगनबावडा..." इथे बाबा थांबले. भोंग्यातून त्यांचा श्वास ऐकू आला. "गगनबावडा, उशीर झाला तरी चालेल. पण यावे."

उसात सळसळ झाली. आधी शिंगं दिसली, मग राधानगरी बाहेर आली. माझ्याकडे न बघता रस्त्याला लागली. तिच्यामागे दोन पावलांवर फोंडा. विहिरीपासून हातभर अंतरावरून तो अगदी रमतगमत गेला, मी गवतात बसलेला दिसल्यावर थांबला आणि माझा कान चाटून पुढे निघाला.

"हृषी, हो का नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"का?"

का ते मला सांगता आलं नसतं. फाटक मी उघडलं होतं आणि बाबा एका चपलेवर फिरले होते, एवढंच डोक्यात होतं. अशा माणसानं पुण्यात बसून दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या म्हणजे अतीच झालं. "फलाट चुकला," असं काहीतरी मी म्हणालो आणि फोन बंद केला.

पूजा झाली. राधानगरी एक नंबरच्या खांबापाशी उभी, पायांना हळदीकुंकू. माळ तिनं पूजा चालू असतानाच खाल्ली. मलकापूर आली. कोंबड्या आल्या, मोजल्या तर आठ भरल्या, तेव्हा तातोबा एक परत घेऊन गेले. बाबा देवळातून आले ते घामानं भिजून आणि दहा वर्षांनी लहान होऊन. वाटेत एसटीच्या थांब्यावर पिशव्या घेऊन थांबलेल्या दोन बायकांनी त्यांना अडवून विचारलं होतं, मलकापूर किती वाजता लागणार.

आईनं ओवाळलं. निरांजन खाली ठेवलं. कमरेची किल्ली काढून ताटात ठेवली.

"भाडेकरूंना कळवा, राहा म्हणावं."

बाबांना ते आधी कळलं नाही. मग कळलं. "का?" त्यांनी विचारलं. चर्चा नाही असं ठरलेलं होतं, पण त्यांना राहवलं नाही.

"का म्हणजे? कोल्हापुरात एवढी गवार कोण खाणार," आई म्हणाली आणि भाकऱ्या करायला गेली.

गगनबावडा आम्ही जेवायला बसलो तेव्हा आली. तोंडात कोबीचं पान. सरळ दोन नंबरला जाऊन बसली.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी पुण्याला गेलो नाही. पहिलं वर्ष प्रायश्चित्त म्हणून राहिलो, दुसरंही तसंच. नंतर हिशेब सुटला. आता सतरा शेळ्या आहेत, तीन गाई, एक आंधळा घोडा आणि दर रविवारी शहरातून येऊन कोंबड्यांना पोळी खायला घालणारी कुटुंबं. फाटकाची गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. गेल्या वसुबारसेला आई ओट्यावर बसून गवार मोडत होती, मी समोर बसलो होतो, आणि का कोण जाणे, सांगून टाकली.

आईनं गवार मोडायची थांबवली नाही. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी माडीवरच्या मागच्या खिडकीत होते. तू तार सोडलीस, कडी ओढलीस, इकडे तिकडे बघितलंस. वर बघायला विसरलास. तू वळणावरून दिसेनासा झालास तशी मी गेले आणि लावली."

"काय लावलीस?"

"कडी. वरून तारही."

"मग फाटक उघडलं कोणी?"

"कोण उघडणार. तुझे बाबा तीन वेढे द्यायचे, मला ते माहीत नव्हतं. मी एकच दिला. तिला एक वेढा म्हणजे काय." तिनं एक शेंग निबर म्हणून बाजूला टाकली. "कडीला दातांचे वण होते. मीच तार नीट घातली नाही, म्हणून तर गप्प बसले तेव्हा."

"पण तुला तर परत जायचं होतं."

"कोणी सांगितलं?"

"मुदत घातली होतीस. नाकाला पदर लावायचीस."

"वास येतो म्हणून पदर लावायचे. अजून लावते. आणि मुदत घातली नसती तर त्यांनी उंट आणला असता." तिनं पुढची शेंग उचलली. "फ्लॅटमध्ये सात महिने ते माझ्याशी 'चहा' आणि 'असू दे' एवढंच बोलले होते, हृषी. इथे पहिल्या आठवड्यात त्या बादलीवर बसून बोलायला लागले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. माझं त्याच दिवशी ठरलं होतं."

"हे मला अकरा वर्षांत सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर गेला असतास."

मी उठून उभा राहिलो, मग बसलो. "म्हणजे मी अकरा वर्षं एका शेळीच्या गुन्ह्याची शिक्षा भोगली."

"भोगली म्हणे. काल त्या करडाला स्वेटर कोणी घातला?"

स्वेटर माझाच होता. "आणि बाबा?" मी विचारलं.

"त्यांना अजून वाटतं, तेच विसरले होते. राहू दे. त्यामुळे दिवसातनं चारदा जाऊन फाटक बघतात, तेवढंच गुडघ्याला चालणं."

सहा वाजले होते. बाहेर बाबांनी बादली पालथी घातली, घसा साफ केला. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून जास्त मोठ्यानं बोलतात. एकेक खांब भरत गेला. दोन नंबरला हल्ली गगनबावडाची नात बसते, नाव तेच, उशीरही तेवढाच. ती आत आल्यावर मी फाटक लोटलं, कडी सरकवली आणि तारेचे वेढे घालायला लागलो. एक, दोन, तीन. मग चौथाही घातला.

ती फाटकापाशी येऊन उभी राहिली आणि मी तार कशी गुंडाळतो ते शेवटपर्यंत नीट बघत होती.